कन्सेंट टर्म्सवर सही करण्याआधी

परस्पर संमतीने घटस्फोट घेतला की कटकट मिटते, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. आमचं आपसातलं भांडण मिटलंही. पैशांचे वाद मात्र निकालानंतर सुरू झाले.

आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही केलेल्या संमतीच्या अटींमध्ये, मुलीच्या खर्चाबद्दल एकच ओळ होती: शिक्षणाचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करायचा. जूनमध्ये शाळेची फी भरायची वेळ आली, तेव्हा तिच्या वडिलांनी पावतीवरच्या आकड्याच्या निम्मे पैसे पाठवले. व्हॅन, गणवेश, वह्या-पुस्तकं, स्कॉलरशिपचा क्लास, सहल, चष्मा यांतलं काहीच त्या पावतीवर नव्हतं, त्यामुळे त्यांच्या लेखी तो खर्चच नव्हता. मी बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची, निळ्या टिका दिसायच्या आणि उत्तर यायचं नाही. मुलगी शेजारी बसून हे सगळं बघायची. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

म्हणून सांगते, खर्चाची नावं लिहून घ्या. व्हॅनपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत. रक्कम किती, दर महिन्याच्या कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात आणि दरवर्षी किती टक्के वाढ, हे आकड्यांत हवं. फी दरवर्षी वाढते. पोटगीचा आकडा आपोआप वाढत नाही. ‘सज्ञान होईपर्यंत’ एवढंच लिहू नका. अठरा पूर्ण होतात तेव्हाच तर कॉलेजची मोठी फी समोर येते. पदवीपर्यंत, हॉस्टेलसकट, असं स्पष्ट लिहा. आरोग्य विमा वडिलांच्या कंपनीचा असेल, तर त्यांनी नोकरी बदलल्यावर हप्ता कोण भरणार तेही ठरवा.

माझ्यासारखी अर्धवट ओळ घेऊन निकाल लागून गेला असेल, तरी हातपाय गाळू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांच्या संगोपनाचे आणि शिक्षणाचे आदेश निकालानंतरही बदलून मागता येतात. मी तसा अर्ज केला, खर्चाचा तक्ता जोडला आणि दरमहा ठराविक रक्कम लावून घेतली.

घराचं दुखणं वेगळं. आपल्याकडे लग्नानंतर घेतलेलं घर घटस्फोटात निम्मं होतं, असं कित्येक बायका धरून चालतात. तसा कायदा नाही. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण ते कायदा न होताच बारगळलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरतात. महाराष्ट्रात कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले, यावरच गाडी अडते. तेव्हा हप्ते तुमच्या पगारातून गेले असतील तर बँक स्टेटमेंट आजच काढून ठेवा. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तुमचं. दागिन्यांची यादी, पावत्या, लग्नातले फोटो, लॉकरची नोंद, सगळं एकत्र करा.

आमच्या दोघांच्या नावावरचा फ्लॅट तडजोडीत त्यांच्याकडे गेला आणि मला माझ्या वाट्याचे पैसे मिळाले. गृहकर्जावर माझं नाव तसंच राहिलं. त्यांचे हप्ते थकले तेव्हा बँकेचे फोन मला येऊ लागले, सिबिल स्कोअर घसरला आणि मी स्वतःसाठी लहानसं घर बघायला गेले तर कर्ज नाकारलं गेलं. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी देणंघेणं नसतं. करारावर सही असलेला प्रत्येक जण तिच्या लेखी कर्जदार. म्हणून कर्जातून नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र हातात पडल्यावरच घरावरचा हक्क सोडायचा, असा क्रम टर्म्समध्ये घाला. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं आणि त्याचं मुद्रांक शुल्क कोणी भरायचं, हेही त्यातच.

संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज आणि शेवटची सुनावणी यांच्यात कायद्याने सहा महिने ठेवलेत. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात ते माफ होतात, आणि सुटण्याची घाई झालेल्यांना ते माफच हवे असतात. माझं मत उलटं आहे. ते महिने बँक, सोसायटी आणि विमा कंपनीच्या खेपांसाठी वापरा. पोटगीच्या वादात दोघांनीही मिळकत आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ठरवून दिलं. संमतीचा घटस्फोट असला तरी त्याच नमुन्यात दोघांचे आकडे टेबलावर येऊ द्या. पीएफ, पीपीएफ आणि एलआयसीवरचे नॉमिनी तपासा. घटस्फोट झाला म्हणून ती नावं आपोआप बदलतील, असं धरून चालू नका.

निकालाच्या प्रमाणित प्रती तीन-चार तरी काढून घ्या. शाळा, बँक, सोसायटी, मुलाचा पासपोर्ट, जिथे जाल तिथे प्रत लागते, आणि दर वेळी नव्याने अर्ज करायचा तर कोर्टात पुन्हा चकरा आल्याच.