वर्षावनातील आद्य शिकारी

आफ्रिकेतून निघालेला आधुनिक मानव जगभर कसा पसरला, याचे विवेचन करताना दोन वाटा प्रामुख्याने सांगितल्या जात. एक, मोठ्या जनावरांच्या कळपांचा माग काढीत गवताळ मैदानांतून जाणारी. दुसरी, शिंपले व मासे गोळा करीत समुद्रकिनाऱ्याने जाणारी. सदाहरित वर्षावन हा मात्र त्या प्रवासातील अडसर मानला जाई. या मताला आधार नव्हता असे नव्हे. घनदाट अरण्यात पिष्टमय अन्न विरळ असते. प्राणीही बहुधा लहान, चपळ आणि झाडांच्या शेंड्यांवर वावरणारे. शेतकऱ्यांशी देवघेव असल्याशिवाय माणूस अशा वनात टिकूच शकत नाही, असे प्रतिपादन विसाव्या शतकाच्या अखेरीस काही मानवशास्त्रज्ञांनी केले होते.

श्रीलंकेच्या नैर्ऋत्येकडील पावसाळी प्रदेशातील गुहांनी हे मत बदलावयास लावले. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली असता हे बेट भारताच्या भूमीस जोडलेले होते. येथील एका गुहेला फा-हिएन या चिनी यात्रेकरूचे नाव आहे. तो तेथे राहिला होता ही दंतकथाच म्हणावयाची. परंतु त्याच्या आधी चाळीस हजारांहून अधिक वर्षे तेथे माणसाची वस्ती होती, हे उत्खननाने सिद्ध झाले आहे.

या गुहेत सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीपासूनच्या थरांत जी हाडे सापडली, त्यांत माकडे, वानरे आणि शेकरूच्या जातीच्या मोठ्या खारी यांचाच भरणा आहे. त्यांतही पिलांपेक्षा पूर्ण वाढलेले प्राणी अधिक. शेंड्यावरून उड्या मारणारे वानर दगड फेकून हाती लागत नाही. गारगोटीची बारीक हत्यारे आणि हाडांची घासून केलेली अणकुचीदार टोके यांचा येथे उपयोग झाला. ही टोके बाणांची असावीत असे त्यांवरील झिजेवरून २०२० मध्ये संशोधकांनी अनुमान काढले. विशेष म्हणजे, कित्येक टोके माकडांच्याच हाडांची आहेत. शिकारीतून शिकारीचे साधन, असा हा क्रम होता.

तथापि माणूस वनात केवळ अधूनमधून येत असेल, ही शंका उरतेच. तिचे उत्तर दातांनी दिले. उष्ण प्रदेशातील गवत आणि दाट छायेतील वनस्पती यांच्यातील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण भिन्न असते. ते अन्नावाटे दंतवल्कात उतरते आणि हजारो वर्षे तसेच राहते. या भागातील मानवी दातांची अशी परीक्षा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या माणसांचा आहार मुख्यत्वे वनातीलच होता, असे तीत दिसून आले. बेटावर मोकळा, गवताळ प्रदेश उपलब्ध असतानाही त्यांनी अरण्य सोडले नव्हते.

तरीही ती माणसे जगापासून तुटलेली नव्हती. समुद्रातील शंखशिंपल्यांचे मणी या आतल्या गुहांपर्यंत पोचले होते.