‘एक नंबर’ म्हणण्याआधी : लहरी केस आणि फेडचे दहा धडे

माझे केस ना सरळ, ना कुरळे. सकाळी डावीकडे झुकलेले, दुपारी उजवीकडे आणि पावसाळ्यात चौफेर. लहानपणी आई खोबरेल तेल थापून बाजूला भांग पाडायची आणि म्हणायची, “आता कसा शहाण्यासारखा दिसतोस!” ते शहाणपण शाळेची पहिली घंटा होईपर्यंत टिकायचं. पुढे नोकरी लागली, तेलाच्या जागी जेल आलं, पण भांडण तेच राहिलं. चाळिशीपर्यंत दर महिन्याला सलूनच्या खुर्चीत बसून मी एकच वाक्य बोलत आलो : “मीडियम करा.”

शेवटी भाच्याच्या लग्नाआधी त्यानेच मला दंडाला धरून नेलं आणि फेड करून आणलं. त्याला चार वर्षं झाली. तेवढ्या काळात चांगला फेड मिरवून झाला, वाईट फेड लपवून झाला आणि एकदा तर आठवडाभर टोपी घालून ऑफिसला जाऊन झालं. त्यातून जे हाती लागलं, ते हे.

१. फेड म्हणजे सोल्जर कट नव्हे

आपल्याकडच्या जुन्या सोल्जर कटमध्ये बाजूला सगळीकडे मशीनचं एकच माप फिरायचं. त्यामुळे वरचे केस सुरू होतात तिथे पायरी दिसायची, डोक्यावर वाटी उपडी घातल्यासारखी. फेडमध्ये मानेपाशी जवळजवळ कातडी दिसते आणि वर जाताना बोटाबोटाने केस वाढत जातात. काळ्याचं करडं कुठे झालं आणि करड्याची कातडी कुठे झाली, ते बोट ठेवून सांगता येऊ नये. रेघ दिसली की फेड फसला.

कानाच्या वर बोटभर थांबतो तो लो फेड, कानशिलाच्या मध्यापर्यंत चढतो तो मिड आणि डोकं वरून वळायला लागतं तिथवर जातो तो हाय. टेपर आणखी सौम्य असतो. त्यात फक्त कल्ले आणि मानेवरची कड निमुळती होते, बाकीची बाजू शाबूत राहते. अमेरिकी लष्करातली बारीक कटिंग आणि तिथल्या कृष्णवर्णीय न्हाव्यांची कारागिरी यांतून ही पद्धत वाढली आणि १९८० च्या दशकाअखेरीस तिथल्या हिप-हॉपवाल्यांनी ती जगभर नेली. माझा सल्ला एवढाच : पहिल्यांदा करताय, तर टेपर किंवा लो घ्या. केस आणखी कापता येतात, कापलेले चिकटवता येत नाहीत.

२. नंबर पाठ करा

मशीनला लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या कंगव्यांना नंबर असतात. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे साधारण १० आणि चार म्हणजे १३. ‘झीरो’ या शब्दाने मात्र दगा दिला आहे. कुणी कंगवा काढून नुसती मशीन चालवतो, कुणी वस्तराच घेतो. म्हणून “झीरो मारा” असं मोघम न बोलता “मशीनचा झीरो, वस्तरा नको” असं सांगावं.

हे मी शिकलो ते माझ्याच जिभेमुळे. दुसऱ्या वेळी सलूनमधल्या पोराने विचारलं, “काका, मागच्या वेळचं कसं वाटलं?” मी खूश होऊन म्हणालो, “एक नंबर!” आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याने ती ऑर्डर समजून एक नंबर लावला आणि सरळ वरपर्यंत नेला. मान वर केली तेव्हा आरशात माझे दहावीतले एन.सी.सी.चे दिवस परत आले होते. पोराचं काही चुकलं नव्हतं. टोपीचा आठवडा तो हाच.

३. फोटो न्यावा, पण आपल्या जातीच्या केसांचा

पहिल्यांदा मी एका क्रिकेटपटूचा फोटो नेला होता. त्याचे केस सरळ आणि दाट, माझे लहरी आणि पुढून विरळ होत चाललेले. कटिंग हुबेहूब तशीच झाली, दिसलो मात्र मीच. लाटा असलेल्या डोक्याचाच फोटो दाखवावा. त्याहून उत्तम म्हणजे आपलाच. ज्या दिवशी कटिंग मनासारखी जमते, त्या दिवशी समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो काढून ठेवावेत. पुढच्या वेळी तोंड न उघडता काम होतं.

४. वर एक लाट तरी पूर्ण होऊ द्या

लहरी केस वळत वळत वाढतो. लाट अर्ध्यावर कापली, तर टोक बाहेरच्या दिशेला ताठ उभं राहतं आणि मग कितीही जेल लावा, ते बसत नाही. माझ्या केसांना एक लाट पूर्ण करायला तीन-चार बोटं लांबी लागते. तुमची किती, ते आरशासमोर मोजून घ्या.

यात एक गोम आहे. ओला केस ताणून लांब दिसतो आणि वाळला की आखडतो. पाणी मारून, कंगव्याने ओढून चार बोटं ठेवून कापले, की घरी येईपर्यंत तीनच उरतात. म्हणून मी सांगतो, “बोटभर जास्त ठेव, वाळल्यावर बघून उरलेलं काढ.”

दुसरी गोम केस विरळ करणाऱ्या दातेरी कात्रीची. एका चकचकीत पार्लरमध्ये “सर, व्हॉल्यूम कमी करून देतो” म्हणत ती माझ्या डोक्यात खोलवर फिरवली गेली. त्या दिवशी छान वाटलं. पंधरा दिवसांनी आत कापलेले आखूड केस वाढू लागले आणि वरच्या लांब केसांना खालून ढकलू लागले. त्यात जुलै महिना. डोक्याचं सुगरणीचं घरटं झालं. आता मी ती कात्री वरच्या थराला लावूच देत नाही.

५. भोवरा, खोक आणि उंचवटा आधीच सांगा

आपल्या डोक्याची मागची बाजू आपण सोडून सगळ्या जगाने पाहिलेली असते. मला दोन भोवरे आहेत. “दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं,” असं आजी म्हणायची. ते काही घडलं नाही, पण दोन भोवऱ्यांच्या मधले केस फार आखूड झाले की तुऱ्यासारखे उभे राहतात, हे मात्र दर वेळी घडतं. भोवऱ्यापाशी लांबी राखायची आणि फेड त्याच्या बराच खाली थांबवायचा, हा माझा नियम.

नवव्या वर्षी चिंचेच्या झाडावरून पडून कानामागे खोक पडली होती. हाय फेड केला त्या रविवारी मावशी घरी आली आणि दारातूनच म्हणाली, “अगं बाई, ही खोक अजून आहे होय!” कित्येक वर्षं झाकलेली गोष्ट मशीनने दहा मिनिटांत उघडी केली. शिवाय केसांखालची कातडी उन्हाने रापलेल्या मानेपेक्षा उजळ निघते, तेव्हा आठवडाभर डोकं दोन रंगांचं दिसतं. मागच्या हाडाचा उंचवटा मोठा असेल, तर त्याच्या खालीच थांबलेला फेड शोभतो.

६. पंचा, बोटं आणि धीर

सगळ्यात जास्त मी चुकलो ते कटिंगनंतर. फेडमुळे बाजू आपोआप नीट राहते, खरं काम वरच्या केसांचं असतं.

केस ओला झाला की त्याच्या आतले काही बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल, तोच आकार पुढे टिकतो. म्हणजे लाट ठरते ती न्हाणीघरातून बाहेर आल्यावरच्या पंधरा-वीस मिनिटांत. आणि नेमक्या त्याच वेळी मी जाड टॉवेलने खसाखसा डोकं पुसत होतो आणि वर बारीक दातांचा कंगवा चालवत होतो!

आता क्रम असा : डोकं ओलं असतानाच, कंडिशनर लावलेलं असताना, रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा. मग मऊ सुती पंचा घेऊन मुठीत केस धरून हलके दाबायचे, घासायचे नाहीत. केस दमट असतानाच हरभऱ्याएवढं कर्ल क्रीम तळहातावर पसरून बोटांनी मागून पुढे फिरवायचं आणि खालून वर मूठ दाबत लाटांना आकार द्यायचा. त्यानंतर हात लावायचा नाही. कंगवाही नाही, आरशासमोरची चुळबुळही नाही. घाई असेल तर ड्रायर मंद आचेवर आणि लांबून. पूर्ण वाळल्यावर चमक नसलेलं हेअर क्ले चिमूटभर टोकांना. ओलेतं, चकाकणारं जेल लहरी केसांना दोरीसारखं चिकटवतं आणि मधली टाळू उघडी पाडतं. चाळिशीत ही काळजी मोठी.

७. आईचं तेल पूर्ण चूक नव्हतं

टाळूतलं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घरंगळत टोकापर्यंत जातं. वळणावळणाच्या केसात ते मुळाशीच अडकतं, म्हणून आपली टोकं कोरडी. २००३ साली रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातल्या प्रथिनांची झीज कमी करण्यात खोबरेल सरस ठरलं, कारण ते केसाच्या आत शिरू शकतं. आईचं तेल बरोबर होतं, वेळ चुकीची होती. तेल लावून शाळेत जायचं नसतं, ते न्हाण्याआधी लावायचं असतं. मी शनिवारी रात्री थोडं टोकांना लावतो आणि रविवारी धुतो. शाम्पू आठवड्यातून दोनदा पुरतो.

८. हेल्मेट आणि बोअरिंगचं पाणी

मी पुण्यात दुचाकी चालवतो, त्यामुळे सगळी कलाकुसर हेल्मेटखाली जाते. ओल्या केसांवर हेल्मेट चढवलं, की केस त्याच आकारात वाळतात. कारण वर सांगितलंच. केस पूर्ण वाळवून, आत पातळ सुती रुमाल बांधून निघावं. पोहोचल्यावर ओली बोटं फिरवली की लाटा जाग्या होतात. केसांसाठी हेल्मेट न घालणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही.

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरिंगचं पाणी येतं. त्या जड पाण्यातले क्षार केसांवर बसून केस राठ होतात. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेतले, तर फरक पडतो.

९. ब्लेडबद्दल लाजू नका

स्किन फेडमध्ये, म्हणजे खाली थेट कातडीपर्यंत नेलेल्या फेडमध्ये, मशीन आणि वस्तरा कातडीला घासून जातात. नवं ब्लेड डोळ्यांदेखत लावून घ्यावं, मशीन पुसून घ्यायला सांगावं. नायटा आणि कावीळ ‘ब’ यांच्यापुढे भिडेला काही किंमत नाही. मानेवर पुळ्या असतील, तर त्या वेळी वस्तरा नकोच. चांगला कारागीर यात अपमान मानत नाही.

१०. पंचांग बघून खुर्चीत बसा

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आठवड्याला ३ मिलिमीटर. याचा साधा हिशेब असा, की आज केलेला झीरो पुढच्या आठवड्यात एक नंबर झालेला असतो. स्किन फेडची ऐट दहा-बारा दिवसांची. टेपर महिनाभर सभ्य दिसतो. दर पंधरवड्याला सलूनचा खर्च आणि वेळ परवडत असेल, तरच टेपरच्या वर चढा.

आमच्या घरात श्रावणात केस कापत नाहीत. एका वर्षी श्रावणाच्या तोंडावर हाय फेड केला आणि महिनाभर कानांवर साळिंदर घेऊन फिरलो. आता आषाढी अमावस्येच्या आधी टेपर घेतो. तो वाढतानाही शिस्तीत वाढतो. श्रावण संपला की चार दिवसांत गणपती आणि सलूनबाहेर ही रांग! त्या गर्दीत फेड करू नये. एकेक माप बदलत, मधली रेघ पुसत जायला चाळीस मिनिटं लागतात आणि मागे सहा जण ताटकळत असले, की कुणाचाही हात घाई करतो. आठवड्याच्या मधल्या एखाद्या सकाळी जावं, तेव्हा कारागिराचं मन आणि मशीन दोन्ही थंड असतात.

चार वर्षांत एवढं कळलं, की बाजूचे केस मशीनचं ऐकतात, वरचे ऐकत नाहीत आणि त्यांनी ऐकावं असा हट्टही धरू नये. पुढच्या वेळी खुर्चीत बसाल, तेव्हा “मीडियम करा” म्हणू नका. नंबर सांगा, भोवरा दाखवा, मोबाइल खिशात ठेवा. आणि कारागिराचं कौतुक जरूर करा, पण “एक नंबर” म्हणायचं ते मशीन बंद झाल्यावरच.