डॉक्टर मातांना हवा आधार
अवघ्या दहा दिवसांचे बाळ गमावल्याच्या दुःखातून आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्राकडे वळल्या आणि 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. आज मुली मोठ्या संख्येने डॉक्टर होतात. परंतु पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे आणि मातृत्वाचा काळ बहुधा एकच असतो.

प्रसूती लाभ अधिनियमातील रजा 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीनेही विद्यार्थिनींना शासकीय नियमांनुसार प्रसूती रजा मान्य केली आहे.

तथापि, खरी कसोटी रजा संपल्यावर लागते. पहिले सहा महिने बाळाला केवळ स्तनपान द्यावे, असे इतर मातांना सांगणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या बाळासाठी दूध काढून ठेवण्यास सवड वा जागा मिळू नये, ही विसंगती होय. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष उभे राहिले. तशी सोय रुग्णालयात निवासी डॉक्टरांसाठीही असावी. पाळणाघर रात्रपाळीतही उघडे राहावे. रजेवरील डॉक्टरचे काम सहकाऱ्यांवर न लादता बदली डॉक्टर नेमावा. म्हणजे तिची रजा कोणाच्याही रोषाचे कारण ठरणार नाही.

मातांची काळजी वाहणाऱ्या रुग्णालयाने आपल्या डॉक्टर मातेलाही सांभाळले पाहिजे.