ऊस शेतीचा फलक : पडद्यामागच्या फायली (पाठ दुसरा)



मागच्या पाठात जमिनीतील ओलावा मोजणारे यंत्र सरीत कुठे आणि किती खोल बसवावे ते आपण पाहिले. त्यानंतर गट कचेरीत येणारे बरेच सभासद विचारू लागले की साहेब, शेतातलं यंत्र ठीक, पण कचेरीतल्या पडद्यावर लाल-हिरवं कोण करतं? प्रश्न रास्त आहे. पाणी द्यायचे की पाळी लांबवायची हे त्या रंगावरून ठरू लागले, तर रंग ठरवणारा कोण हे सभासदाला ठाऊक असलेच पाहिजे. म्हणून हा पाठ. विषय संगणकाचा असल्याने घरातील शिकत्या मुलामुलीला शेजारी बसवून वाचावा.

आधी एक कबुली देतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडली आणि कचेरीतला संगणक जळाला. ओलाव्याचे आकडे दुसऱ्या यंत्रावर साठत होते म्हणून वाचले, पण फलक गेला. तो फलक आम्ही दोन महिने बसून, पडद्यावर एकेक खूण दाबत हाताने तयार केला होता. कुठे काय निवडलं होतं ते कोणाच्याच लक्षात नव्हतं. परत उभा करायला अकरा दिवस लागले, आणि नेमका तेव्हाच पावसाने ताण दिला. काही सभासदांनी अंदाजाने पाणी दिले, काहींनी फलकाची वाट बघत दिलेच नाही. दुसऱ्यांचे नुकसान जास्त झाले. चूक माझी होती. वीज माझ्या हातात नव्हती, पण फलक कागदावर उतरवून ठेवणे हातात होते.

आता मूळ मुद्दा. या कामाला तीन गोष्टी लागतात : शेतात मोजणारे यंत्र, आकडे साठवणारे कोठार आणि ते दाखवणारा फलक. कोठारासाठी आम्ही इन्फ्लक्स वापरतो, फलकासाठी ग्राफाना. ग्राफाना 2014 साली एका स्वीडिश प्रोग्रामरने सुरू केला. तो फुकट मिळतो आणि साध्या जुन्या संगणकावरही चालतो. 2018 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात एक सोय झाली : फलकाची सारी मांडणी फायलींत लिहून ठेवायची आणि सर्व्हर सुरू होताना त्याने ती स्वतः वाचून घ्यायची. याला प्रोव्हिजनिंग म्हणतात. आपल्या भाषेत, चिटबॉयला तोंडी सांगण्याऐवजी तोडणी कार्यक्रम लेखी देणे.

ग्राफानाच्या प्रोव्हिजनिंग फोल्डरात दोन पोटफोल्डर महत्त्वाचे. पहिला डेटासोर्सेस. यातल्या फायलीत कोठाराचे नाव, प्रकार, पत्ता आणि यूआयडी लिहायचा. यूआयडी म्हणजे कोठाराचा ओळखक्रमांक, जसा तुमचा सभासद क्रमांक. तो आपण स्वतः लिहून पक्का करावा. लिहिला नाही तर सर्व्हर स्वतःच्या मनाने एक देतो. नव्या संगणकावर तो बदलू शकतो, आणि मग फलक दिसतो पण रिकामा, कारण तो जुन्याच क्रमांकाचे कोठार शोधत बसतो. आमचे अकरापैकी दोन दिवस इथेच गेले.

दुसरा पोटफोल्डर डॅशबोर्ड्स. इथे एक छोटी फाईल असते, तिच्यात एवढेच लिहायचे की फलकांच्या फायली अमुक फोल्डरात आहेत. प्रत्यक्ष फलक जेसन नावाच्या पद्धतीत लिहिलेले असतात. ते हाताने लिहू नयेत, डोके फिरते. एकदा पडद्यावर नीट फलक तयार करावा, त्याची जेसन प्रत काढावी आणि त्या फोल्डरात ठेवावी. यानंतर पडद्यावर बदल करून जतन करायला गेलात तर ग्राफाना नकार देतो. मुलं घाबरून फोन करतात की यंत्र बिघडलं. बिघडलेलं नाही. बदल फायलीत करा, असे तो सांगतो. पडद्यावरून बदल करू देण्याची मुभा फायलीत लिहिता येते, पण मी ती दिलेली नाही. कोणी सहज बोट लावून लालाचे हिरवे करू नये.

या छोट्या फायली यामल पद्धतीच्या. त्यात ओळीच्या आधी सोडलेली जागा अर्थ ठरवते. जागा स्पेसनेच सोडावी, टॅब चालत नाही. एक ओळ दोन घरे इकडे सरकली की अर्थ बदलतो किंवा सर्व्हर उठतच नाही. तसे झाले तर अंदाज करत बसू नये. लॉग उघडावा, चूक कुठे आहे ते तिथे लिहिलेले असते. कोठाराची फाईल बदलली तर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. फलकाची फाईल मात्र तो ठरावीक सेकंदांनी आपोआप पुन्हा वाचतो.

आता रंगाकडे येऊ, कारण तुमचे पाणी तिथे आहे. लाल कधी व्हायचे ती मर्यादा फलकाच्या फायलीत आकड्याने लिहिलेली असते. पहिल्या वेळी आम्ही सगळ्या गटांना एकच आकडा लावला, ओलावा पंचवीस टक्क्यांखाली गेला की लाल. अक्कलकुव्याच्या खालच्या सपाटीवर काळी भारी जमीन, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकलो की हलकी, मुरमाड. भारी काळीत पंचवीस टक्के म्हणजे उसाला पाणी ओढून घेणे जड जाऊ लागते. हलक्या जमिनीत तेवढाच आकडा म्हणजे पोटभर पाणी, कदाचित वाफशाच्याही वर. एका सभासदाने मला बांधावर नेऊन दाखवले : साहेब, तुमचा पडदा लाल, अन् माझ्या सरीत पाय रुतताय. त्याचेच बरोबर होते. आता भारी, मध्यम आणि हलकी अशा तीन वेगळ्या फायली आहेत. तुमचे शेत कोणत्या फायलीत आहे ते कचेरीत येऊन जरूर पाहावे. चुकीच्या वर्गात असेल तर सांगावे, बदल दोन मिनिटांचा आहे.

पावसाच्या आकड्याचीही एक गोम आहे. आपल्याकडे सरकारी पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला लिहितात. इन्फ्लक्सचे घड्याळ मात्र ग्रीनिचच्या वेळेवर चालते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. न सांगता त्याला दिवसाचा पाऊस विचारला तर त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. समजा 12 तारखेच्या रात्री दहाला सुरू झालेला पाऊस 13 च्या सकाळी सातपर्यंत पडला. तालुक्याच्या नोंदीत तो सगळा 13 ला, आणि आपल्या फलकावर दोन तुकड्यांत, थोडा 12 ला, थोडा 13 ला. मग सभासद म्हणतात, एक तरी खोटं आहे. खोटं कोणीच नाही. फलकाच्या प्रश्नात दिवसाची सुरुवात तीन तास पुढे ढकलावी, म्हणजे ती आपल्या साडेआठवर येते, आणि तारीख दिवस संपतानाची दाखवावी. 2017 पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. त्यांच्याशी आपले आकडे ताडताना हे आधी तपासावे.

तसेच पर्जन्यमापकाचे. त्यातली लहान वाटी भरली की उलटते. काही यंत्रांत एक उलटणे म्हणजे 0.2 मिलिमीटर, काहींत 0.5. फायलीत चुकीचा आकडा पडला तर दोन मिलिमीटरचा पाऊस पाच दिसतो, आणि माणूस पाळी चुकवतो.

पासवर्ड फायलीत उघडा लिहू नये. तो सर्व्हरवर वेगळा ठेवून फायलीत फक्त त्याचे नाव द्यावे. सुरुवातीचा पासवर्ड जगजाहीर असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा.

अशा पडद्यांचे कोणाला नवल वाटू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 साली अतिप्रदूषणकारी सतरा वर्गांतील उद्योगांना सतत ऑनलाइन मोजमाप पाठवण्याचे आदेश दिले. साखर कारखाने त्या वर्गांत मोडतात.

आमच्या सगळ्या फायली मिळून एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतात. एक प्रत कचेरीच्या कपाटात आणि एक कारखान्यावर ठेवली आहे. यंदा मुद्दाम एक जुना संगणक पुसून कोरा केला आणि गटातल्या एका सभासदाच्या बारावीतल्या मुलीला त्या फायली दिल्या. तिने ग्राफाना बसवला, फायली जागेवर ठेवल्या, सर्व्हर सुरू केला. चाळीस मिनिटांत फलक उभा राहिला. त्यातली दहा मिनिटं लाईट गेली होती.

पुढील पाठात खोडव्याच्या शेतात यंत्राची जागा का बदलावी लागते ते पाहू. आपल्या गटाची फाईल पाहण्यासाठी सभासदांनी दर गुरुवारी बाजारच्या वेळी कचेरीत यावे, येताना सात-बारा आणि माती परीक्षणाचा कागद आणावा.

— ऊस विकास अधिकारी