वाळूची ऊब

मुलांनो, तुम्ही कधी कोकणात गेला आहात का? रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळ्यात तेथे रात्रीच्या वेळी समुद्रातून कासवे येतात. (उर्दूत आपण कासवाला कछुआ म्हणतो.) मादी मागच्या पायांनी वाळूत दीड फूट खोल खड्डा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि परत जाते. पुढचे सारे काम वाळू करते.

वाळू अंडी उबवतेच. पण पिल्लू नर होणार की मादी, हेही तीच ठरवते! कोंबडीच्या अंड्यात जीव धरतो, तेव्हाच हे ठरलेले असते. समुद्री कासवांचे तसे नाही. त्यांची अंडी सुमारे पन्नास दिवस उबतात. त्यांतल्या मधल्या दिवसांत वाळू साधारण ३० अंशांपेक्षा गार असली तर बहुतेक नर होतात. ती अधिक गरम असली तर बहुतेक माद्या. फरक दोन-तीन अंशांचाच, पण सगळ्या बहिणी!

ही गोष्ट प्रथम सरड्यात दिसली. १९६६ साली आफ्रिकेतील डकार येथे मादलेन शार्निए या संशोधक बाईंनी ती नोंदवली. मगरींतही नर-मादी उबेवरच ठरते. न्यूझीलंडमधील तुआतारा या प्राण्यात कासवांच्या उलटे आहे. तेथे उबेने नर होतात. सापांत मात्र उबेचा हा खेळ नाही.

आता एक हिशोब करा. नऊ माद्या आणि एक नर आहे. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप असतोच. म्हणजे नऊ माद्यांना मिळून जितकी पिल्ले होतील, तितकी त्या एकट्या नराची! अशा वेळी जिची पिल्ले नर होतात, त्या मादीला नातवंडे जास्त होतात. तिचा वंश वाढतो आणि पिढ्यान्‌पिढ्या नरांची संख्या पुन्हा सावरते. रोनाल्ड फिशर यांनी १९३० साली आपल्या पुस्तकात हा विचार मांडला. मला तो फार आवडतो, कारण त्याला पाटी-पेन्सिलही पुरते.

पण सावरायला पिढ्या लागतात. हिरव्या समुद्री कासवाला वयात यायलाच वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक वर्षे लागतात. वाळू तर त्याहून लवकर तापत आहे. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफमध्ये संशोधकांनी या कासवांचे रक्त तपासले, कारण लहान कासवाचा नर-मादी भेद बाहेरून ओळखता येत नाही. २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला. उत्तरेकडच्या गरम किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्के माद्या होत्या! दक्षिणेकडच्या गार किनाऱ्यांच्या कासवांत त्या ६५ ते ६९ टक्के होत्या.

थोडे नर काही काळ पुरतात. एक नर अनेक माद्यांशी जुळतो. मादी तर एका भेटीनंतर दोन-तीन वेळा अंडी घालू शकते. पण नर भेटलाच नाही, तर अंड्यांतून काहीच निघणार नाही.

वेळासला २००२ सालापासून ही अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि चोरांपासून वाचवली जातात. ती कुंपणात, तितक्याच खोल खड्ड्यात पुरतात. वर सावली केली किंवा पाणी शिंपडले तर वाळू गार राहते; मात्र फार गार केली तर माद्याच होणार नाहीत. पिल्ले निघाली की त्यांना किनाऱ्यावर सोडतात. ती तुरुतुरु पाण्याकडे धावतात. त्यांत नर किती, हे पाहणाऱ्यांपैकी कोणालाही सांगता येत नाही.