मुंबईचा एक हरपलेला फुटबॉल-संघ

मागें एकदां आमच्या वर्गांतील कांहीं मुलें अंधेरीच्या क्रीडासंकुलांत फुटबॉलचा सामना पाहून आलीं. मरोळनाक्यावरून मेट्रोंत बसलें कीं पांचवें स्थानक आझादनगर. तेथून मैदान पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. दुसऱ्या दिवशीं वर्गांत गोष्ट निघाली ती अर्थातच त्या सामन्याची. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "विलायतेंत तळाला राहिलेला संघ खालच्या श्रेणींत ढकलला जातो म्हणतात. आपल्या मुंबईचा संघ असा कधीं खालीं गेला आहे काय?" प्रश्न लहान, पण उत्तर देतां देतां तास संपला आणि बरेंच सांगावयाचें राहून गेलें. तें राहिलेलें येथें लिहीत आहों.

असा एक संघ होता. त्याचें नांव मुंबई एफ. सी. तो २००७ सालीं जन्मास आला, २००८ सालीं दुसऱ्या श्रेणींतून पहिल्या श्रेणींत चढला, तेथें नऊ हंगाम टिकला, आणि २०१७ सालीं खालीं उतरला तो पुनः वर आला नाहीं. अंधेरीस मुलांनीं पाहिलेला मुंबई सिटी हा संघ निराळा; तो २०१४ सालीं निघाला आणि २०१६ पासून अंधेरीच्या मैदानावर खेळूं लागला. नांवें सारखीं असल्यामुळें मोठीं माणसेंही दोहोंची गल्लत करतात.

श्रेणी म्हणजे काय, हें आधीं पाहूं. साखळी-स्पर्धेंत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशीं दोनदां खेळतो. एकदां आपल्या मैदानावर, एकदां दुसऱ्याच्या. विजयास तीन गुण, बरोबरीस एक, पराभवास शून्य. हंगामाच्या अखेरीस गुणांची बेरीज करून क्रम लावतात. सर्वांत वरचा तो विजेता, आणि तळचा खालच्या श्रेणींत जातो. त्याच्या जागीं खालच्या श्रेणींतील पहिला वर येतो. हें आमच्या इयत्तांसारखेंच आहे. फरक इतकाच कीं शाळेंत सगळा वर्ग एकदम वर चढूं शकतो. येथें मात्र एकानें जागा सोडल्याखेरीज दुसऱ्यास बसावयास मिळत नाहीं. सर्वच देशांत ही चाल आहे असें नव्हे. अमेरिकेंतील सर्वोच्च स्पर्धेंत संघ शिरतो तो खालून जिंकत येऊन नव्हे, तर मोठें प्रवेशशुल्क भरून. त्यामुळें तेथील लहान गांवचा संघ कितीही चांगला खेळला तरी आपल्याच पायरीवर राहतो. आपल्याकडे राष्ट्रीय साखळी-स्पर्धा १९९६ सालीं सुरू झाली, २००७ सालीं तिचें नांव आय-लीग झालें, आणि तीत चढण्या-उतरण्याची चाल होती.

आतां मुंबईकडे वळूं. आपलें शहर क्रिकेटचें, असा समज दृढ आहे, आणि तो खोटाही नाहीं. परंतु फुटबॉलची येथील वंशावळ थोडीथोडकी जुनी नाहीं. रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईंत १८९१ सालीं सुरू झाली. प्रारंभीं ती गोऱ्या पलटणींचीच होती. वूस्टरशायर पलटणीनें पहिला चषक नेला. हिंदी नागरिकांच्या संघास तो मिळण्यास १९३७ साल उजाडावें लागलें, आणि तेव्हांही तो नेला बंगलोरच्या मुस्लिम संघानें. शहराची हारवुड लीग १९०२ सालची. पावसाळ्याच्या चिखलांत, निसरड्या गवतावर, काठाला छत्र्या धरून उभ्या राहिलेल्या लोकांसमोर हे सामने होत. कूपरेज हें या खेळाचें मुख्य मैदान. पूर्वीं तेथें पिंपें तयार करणाऱ्या कारागिरांचा कारखाना होता, त्यावरून तें नांव पडलें. वांद्रें-माहीमच्या ख्रिस्ती वस्त्या, धोबीतलावाच्या कुडींत राहणारे गोंवेकर, नागपाड्यांतील मोहल्ले, यांतून खेळाडूही येत आणि प्रेक्षकही येत. मुंबईच्या याच मैदानांवर नाव कमावलेल्या नेव्हिल डिसोझा यांनीं १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या स्पर्धेंत भारत चौथा आला. वांद्र्याच्या एका मैदानास आज त्यांचें नांव आहे.

पण हे संघ कोणाचे होते? येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. कलकत्त्यास मोहनबागान व ईस्ट बंगाल हे लोकांचे संघ. बाप ज्याचा, मुलगाही त्याचाच. मुंबईंत मोठे संघ होते ते कंपन्यांचे. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल, एअर इंडिया, रेल्वे, बँका, खताचा कारखाना. कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघानें १९५८ सालीं रोव्हर्स चषकही जिंकला. या व्यवस्थेंत एक मोठा गुण होता, तो पालकांनीं विसरूं नये: खेळाडूस नोकरी मिळे. सकाळीं सराव, मग कचेरी. गुडघा गेला तरी पगार जात नसे. आणि तितकाच मोठा दोष होता. गिरणी मंदावली कीं संघ मंदावे. मालकाचें मन फिरलें कीं संघ मोडे. त्यासाठीं कोणी सामना हरावा लागत नसे. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ सालीं निघाला, पुढें महिंद्र युनायटेड या नांवानें त्यानें २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २००३ व २००५ सालीं फेडरेशन चषक मिळविला. आणि २०१० सालीं तो बंद झाला. देशाचा विजेता ठरल्यावर चार-पांच वर्षांतच संघ नाहींसा व्हावा, हें कलकत्त्याच्या माणसास सांगितलें तर त्याचा विश्वास बसणार नाहीं.

मुंबई एफ. सी. निघाला तो हें चित्र पालटण्याच्या आशेनें. मालक एस्सेल हा उद्योगसमूहच होता, पण संघास कंपनीचें नांव न देतां शहराचें नांव दिलें, ही गोष्ट आम्हांस तेव्हांही महत्त्वाची वाटली आणि आजही वाटते. डेव्हिड बूथ नांवाचे इंग्रज प्रशिक्षक आणले. पहिल्याच प्रयत्नांत, २००८ सालीं, दुसऱ्या श्रेणींत संघ पहिला आला. २००९ सालीं प्रशिक्षकपद खालिद जमील यांच्याकडे आलें. हे स्वतः महिंद्र, एअर इंडिया व शेवटीं मुंबई एफ. सी. यांतून खेळलेले, म्हणजे मुंबईच्या जुन्या व नव्या दोन्ही व्यवस्थांत वाढलेले. त्यांच्या हातीं पैसा थोडा, प्रसिद्ध खेळाडू थोडे. त्यांनीं संघास प्रथम न हरण्यास शिकविलें. बचाव घट्ट ठेवावा, बरोबरीचा एक गुणही खिशांत घालावा, आणि संधि दिसली तर एक गोल करून पुनः मागें यावें. प्रेक्षकांस हा खेळ कंटाळवाणा वाटे, आणि खरें सांगावयाचें तर तो कंटाळवाणा असेही. परंतु गरिबाच्या संसारांत जमाखर्च जसा पैपैनें जुळवावा लागतो, तसे ते गुण जुळवीत. विजेतेपदाच्या जवळपास संघ कधीं गेला नाहीं, पण त्यांच्या सात वर्षांत तो खालींही उतरला नाहीं.

मध्यंतरीं कूपरेजची दुरुस्ती निघाली आणि संघास स्वतःचें घर उरलें नाहीं. घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीस खेळावे लागले. वाचकांनीं क्षणभर विचार करावा: नांव मुंबईचें आणि 'घर' सुमारें दीडशें किलोमीटरांवर! कामावरून सुटून कोण माहीमचा मनुष्य बालेवाडीस जाणार? नुकते जमूं लागलेले प्रेक्षक त्या काळांत पांगले. पुढें कूपरेजवर कृत्रिम गवत घालून मैदान पुनः खुलें झालें, संघ परतला, पण तोंवर २०१४ सालची नवी इंडियन सुपर लीग आली होती. चित्रपटनट, विदेशी खेळाडू, दूरचित्रवाणी सगळें तिकडे. त्या स्पर्धेंत आरंभीं खालीं उतरण्याची चालच नव्हती. शहरांत दोन संघ झाले: एक पडूं न शकणारा, आणि एक दर हंगामांत पडण्याच्या भीतीनें खेळणारा.

२०१६ सालीं जमील यांना संघानें निरोप दिला. ते गेले मिझोरामला, ऐझॉल एफ. सी. कडे. हा संघ नुकताच तळाशीं राहून श्रेणींतून उतरला होता. गोव्याच्या संघांनीं स्पर्धा सोडल्यामुळें जागा रिकाम्या झाल्या, म्हणून त्यास परत घेतलें गेलें. २०११ च्या जनगणनेंत ऐझॉल शहराची वस्ती तीन लाखांहूनही कमी. बृहन्मुंबईची एक कोटी चोवीस लाख. जमील यांनीं मुंबईंतील ओळखीचे गडी बरोबर घेतले. आपला जयेश राणे हा त्यांतलाच, आशुतोष मेहता हाही. आणि मग जें घडलें तें कथेंत लिहिलें असतें तर आम्हीं अतिशयोक्ति म्हणून खोडलें असतें. ३० एप्रिल २०१७ रोजीं शिलाँग येथें ऐझॉलचा अखेरचा सामना होता. विजेतेपदास बरोबरी पुरेशी होती. शिलाँग लाजाँगनें आधीं गोल केला. उत्तरार्धांत ऐझॉलनें तो फेडला. सामना १-१ असा सुटला. अठरा सामन्यांत ३७ गुण, आणि बलाढ्य मोहनबागानचे ३६. एका गुणानें ऐझॉल भारताचें विजेतें ठरलें. ईशान्य भारतांतील कोणत्याही संघास तोंवर हा मान मिळाला नव्हता. ज्या माणसास मुंबईंत 'बरोबरीचा प्रशिक्षक' म्हणून नांवें ठेवीत, त्यानें बरोबरीनेंच चषक नेला!

आणि त्याच हंगामांत त्याच गुणतक्त्याच्या तळाशीं मुंबई एफ. सी. होता. तो खालीं गेला. खालच्या श्रेणींतून पुनः चढावें, यासाठीं संघ उभाच राहिला नाहीं.

येथें एक सावधगिरी पाळली पाहिजे. ऐझॉल हा लोकांचा संघ म्हणून जिंकला आणि मुंबईचा मालकाचा म्हणून हरला, असें म्हणण्याचा मोह होतो. तें सरळ खरें नाहीं. ऐझॉललाही मालक होता व त्याचा पैसा होता. फरक आम्हांस दिसतो तो निराळा. ऐझॉल एक वर्ष आधीं तळाशीं गेला तेव्हां तेथील मैदान ओस पडलें नाहीं. मुंबईचा गेला तेव्हां पुष्कळांस तो गेल्याचें कळलेंही नाहीं. आमच्याच वर्गांत त्या दिवशीं चाळीस मुलांपैकीं दोघांनींच त्याचें नांव ऐकलें होतें, आणि त्या दोघांचे वडील फुटबॉल खेळलेले होते.

मुंबईंत त्यानंतरही कांहीं संघ खालून वर चढले आहेत. केंकरे एफ. सी. हा त्यांपैकीं एक. २००० सालीं मुलांना खेळ शिकविण्याची संस्था म्हणून तो सुरू झाला; २०२१-२२ च्या हंगामांत आय-लीगमध्यें पोहोंचला आणि २०२३ सालीं खालीं उतरला. शाळकरी मुलांपासून उभारलेला संघ देशाच्या स्पर्धेपर्यंत जातो, हें आम्हांस त्याच्या घसरणीपेक्षां मोठें वाटतें.

पालकांपैकीं ज्यांचीं मुलें या खेळांत पुढें जाऊं पाहतात, त्यांनीं जुनी व नवी व्यवस्था यांतील भेद नीट ध्यानांत घ्यावा. पूर्वींची कंपनी संघ मोडल्यावरही खेळाडूस टेबलापाशीं बसवूं शके. आजचा व्यावसायिक संघ करार देतो, बहुधा एक-दोन वर्षांचा. रक्कम पूर्वींच्या पगाराहून मोठी असेल, पण करार संपला कीं नातें संपलें, आणि संघच मोडला तर खेळाडूनें नवें दार शोधावें. २०१७ नंतर मुंबई एफ. सी. च्या खेळाडूंना तेंच करावें लागलें. जयेश राणे यांच्यासारख्यांना तें मिळालें. खालिद जमील तर २०२५ च्या ऑगस्टमध्यें भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमले गेले. परंतु प्रत्येक संघांत पंचवीस-तीस खेळाडू असतात, आणि वर्तमानपत्रांत नांवें येतात तीं चार-पांचांचीं.

विद्यार्थ्यांना एक काम सांगून ठेवतों. मरोळ, मरोशी, चकाला, साकी या आपल्या भागांतील घराघरांत एखादे आजोबा असे असतील, जे गिरणीच्या, बँकेच्या, रेल्वेच्या किंवा विमान-कंपनीच्या संघांतून खेळले, अथवा कूपरेजच्या काठाला उभे राहून ओरडले. त्यांना विचारा: संघाचें नांव काय, गणवेशाचा रंग कोणता, सराव कोठें होई, बूट कोण देई, आणि संघ मोडला तो कोणत्या सालीं. जुना फोटो निघाल्यास त्यांतील माणसांचीं नांवें डावीकडून उजवीकडे मागें पेन्सिलीनें लिहून घ्या, शाई फुटते. दिवाळीच्या सुटींत हें करावें व सुटी संपतांच वह्या आमच्याकडे आणून द्याव्या.