ब्रेकमधली हवा घरी कशी काढावी?

विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर नुसती फिरते, पाणी येत नाही. जुन्या मोटारीच्या ब्रेकचेही तसेच आहे. ब्रेक ऑईल दाबले तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. नळीत हवा शिरली की तो जोर हवा दाबण्यातच जातो. पायडल मऊ लागते, दोन-तीनदा मारल्यावर ब्रेक धरतो. "पंप मारला की लागतोय की!" म्हणून तशीच गाडी दामटणारे पुष्कळ आहेत. पण समोर अचानक पोर आले तर दुसऱ्यांदा पाय मारायला सवड मिळत नाही.

ड्रम ब्रेकमध्ये लायनर झिजून अंतर वाढले तरी पायडल खाली जाते. म्हणून ते आधी जुळवून घ्यावे. मग दोघांनी मिळून हवा काढावी.

१) गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

२) टाकी ऑईलने भरावी. काम चालू असता ती रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर पुन्हा हवा शिरते.

३) मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असल्यास तो पाळावा.

४) निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवावे.

५) एकाने पायडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सैल करावा. बुडबुडे निघतील. निपल आवळल्यावरच पाय उचलावा. बुडबुडे थांबेपर्यंत असेच करावे.

गाडीला सांगितलेलेच ऑईल घालावे. इंजिन ऑईलने रबर फुगून ब्रेक निकामी होतो. बाटलीत निघालेले ऑईल पुन्हा वापरू नये. डॉट ३ जातीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते. ओलावा शोषलेले १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाट उतरताना त्याची वाफ झाली की पायडल खाली बसते.

शेवटी पायडल मिनिटभर दाबून धरावे. हळूहळू खाली गेले, किंवा काही दिवसांत पुन्हा मऊ पडले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. मग पुन्हा हवा काढून भागत नाही. गाडी रस्त्यावर न काढता फिटरला घरी बोलवावे.